उसन्या मशीनचा झटका

इमर्जन्सी वॉर्डात त्यांना सगळे ब्रदर म्हणत. पुरुष नर्सला म्हणतातच तसं. पण खरं पाहिलं तर ते कुणाचेच भाऊ नव्हते. एकुलतं एक पोर, लग्नाचं राहून गेलेलं. आई गेल्यावर घरात बोलणारा फक्त रेडिओ उरला.

हृदयाला विजेचा झटका देणारं मशीन रोज सकाळी तपासणं त्यांचं काम. जुनं मशीन त्यांना तळहातासारखं माहीत होतं. ते दुरुस्तीला गेलं आणि ऑपरेशन थिएटरमधून वेगळ्याच कंपनीचं एक उसनं आलं. नेमकं त्याच दुपारी चार दुकानदारांनी एका माणसाला उचलून आणलं. श्वास नाही, नाडी नाही. मशीनच्या पडद्यावर रेघ नुसती थरथरत होती. हृदय फडफडत होतं, रक्त पुढे ढकलत नव्हतं.

वॉर्डातला एक जण छाती दाबू लागला. डॉक्टर मॅडमनी विचारलं, "याचा पहिला झटका किती ज्यूलचा, ब्रदर?"

ब्रदरनी मशीनवरून नजर फिरवली. जुन्या मशीनवर हात आपोआप ठरलेल्या आकड्यावर जायचा. इथे आकडे होते, पण पहिला कुठला हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. समोरचा माणूस अगदी काडी.

"निम्म्यावर ठेवू का? अंगात काहीच नाही हो यांच्या."

"वजन फक्त लहान मुलांचं बघायचं," मॅडम म्हणाल्या. "मोठ्या माणसासाठी कंपनीने ठरवलेला आकडा आपल्याला माहीत नसेल, तर सगळ्यात वरचा. कमी पडला तर तेवढा वेळ फुकट जाईल."

ब्रदरनी बटण शेवटपर्यंत फिरवलं, सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि झटका दिला. शरीर उसळलं. लगेच पुन्हा छाती दाबणं सुरू झालं. थोड्या वेळाने पाहिलं तर रेघ तशीच. पुन्हा तोच आकडा. त्याच्या वर काही नव्हतंच. या वेळी छाती दाबून झाल्यावर रेघ हळूहळू वळणावर आली आणि मानेपाशी ब्रदरच्या बोटांना नाडी लागली.

हात धुताना मॅडम म्हणाल्या की शंका मनात ठेवली नाहीत, हे बरं केलंत. तेवढ्यात त्यांना घरून फोन आला आणि त्या हसत बोलत निघून गेल्या. ब्रदर मात्र नळापाशीच रेंगाळले. घरी जाऊन सांगावं असं काहीतरी घडलं होतं, आणि सांगायला कोणी नव्हतं. संध्याकाळी कुकर लावताना ते स्वतःशीच सांगायला लागले. आपल्याच आवाजाने दचकले आणि त्यांनी रेडिओ लावला.

दोनदा ते वरच्या मजल्यावर त्या माणसाला बघून आले. तोंडात नळी, गुंगीत. बाजूची खुर्ची दोन्ही वेळा रिकामी. पुढे वॉर्डात इतकी गर्दी झाली की जाणं झालं नाही, आणि गेले तेव्हा खाटेवर दुसराच पेशंट. वरच्या सिस्टरने सांगितलं, बरे होऊन गेले की. शिंपी आहेत, भाजीबाजाराच्या मागे दुकान.

बरेच दिवस ब्रदरनी मनाला समजावलं की आपलं काय काम तिथे. मग एका सुट्टीच्या दिवशी शर्टाचं कापड घेऊन निघालेच.

शिंप्याने त्यांना ओळखलं नाही. ओळखणार कसा? त्याने ब्रदरना कधी पाहिलंच नव्हतं. खुर्चीचा आधार घेत तो उठला, मापं घेतली आणि शर्टाला उशीर होईल म्हणाला. मध्यंतरी दुखणं काढलं, अजून बरगड्या ठणकतात. त्या दुपारचं सगळं ब्रदरच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण सांगितलं असतं तर तो बिचारा उपकारांखाली दबला असता, शिलाईसुद्धा घेतली नसती.

"घाई नाही," ते म्हणाले. "शर्ट बघायला घरी कोणी नाही."

शिंप्याने कात्री खाली ठेवली. "मग निघायची तरी कसली घाई? बसा की. मुलगा परदेशात, त्यामुळे इकडेही तेच."

ब्रदर बसले. शिंपी मुलाबद्दल, बिघडलेल्या शिलाई मशीनबद्दल, महागलेल्या दोऱ्याबद्दल बोलत राहिला. ब्रदर मान डोलावत ऐकत होते.