काठोकाठ प्याला

आमच्या कोक-बुलाक या किर्गिझ खेड्यात कुणालाही विचारा, हवामान केंद्रातल्या उलकान एजेने, म्हणजे उलकानताईने, सख्ख्या भावाला घरातून हाकललं, असंच सांगतील. साफ खोटं! मी तिचा शेजारी, आणि ही अफवा गावभर पोचवण्यात माझाही हातभार, म्हणून पक्कं ठाऊक.

घडलं ते एवढंच. बायको गेल्यावर जोल्चू सात वर्षांचा अबोला मोडून बहिणीकडे आला. बिछाना गाडीतच ठेवलेला, ‘राहू का?’ विचारायला धीर गोळा करत बसला होता. एजेने चहा ओतायला घेतला. आमच्यात माणूस हवासा असला की प्याला अर्धाच भरतात, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागतो. काठोकाठ भरला की समजायचं, प्या आणि चालू लागा. ओतता ओतता एजेची नजर खिडकीबाहेर गेली. हात थांबला नाही. जोल्चूने तो प्याला पाहिला, पोळत पोळत संपवला, टोपी चढवली आणि गेला.

एजेला बिछान्याचं ड्रायव्हरकडून कळलं, तोवर तो बिश्केकला लेकीकडे पोचला होता. एजेने फोनवर शपथा घेतल्या, “वाऱ्याची चक्री एकाएकी गरगरली रे, तिकडे बघितलं!”

“त्या दिवशी पानसुद्धा हलत नव्हतं,” तो म्हणाला. “आणि दशांश मोजणारी बाई तू, तुझा हात चुकतो होय?”

याला चार वर्षं झाली. एजे दर तीन तासांनी वारा, पारा मोजते, आकडे कळवते, एकटी जेवते. समोर मात्र दोन प्याले मांडते. एक उपडाच राहतो.

काल मी चिडवलं, “एजे, घोटभर चहाने एवढं बिघडतं होय?”

“पाऱ्याचा एक दशांश चुकव. तिसऱ्या दिवशी मी ऊन सांगते तिथे बर्फ पडतो. सुरुवात कुठून झाली, कुणाला सापडत नाही.”

मला सापडली होती. चार वर्षं गिळलेलं तोंडातून निसटलं. “ती चक्री मी फिरवली गं. कुंपणाआडून, लांब काठीने. तू धावत बाहेर येशील, जरा हसू, बस्स.”

तिने माझा प्याला ओढला आणि खिडकीकडे न बघता काठोकाठ भरला.

“पी आणि ऊठ, एसेन. या खेपेला माझं लक्ष चहावरच आहे. सकाळची गाडी धर आणि हे जोल्चूच्या तोंडावर सांगून ये.”