खंबाटकीच्या माथ्यावर तळलेले ब्रेक

"आण्णा, ब्रेक लागंना," बिरा म्हणाला.

खंबाटकी घाटाचा माथा. सकाळचे सव्वासात. बिरा खरात सायकलवरून उतरून कठड्याला टेकला होता आणि समोर सगळा उतार पसरला होता. मी टेम्पो बाजूला घेतला, खाली उतरलो, पुढचा ब्रेक दाबून सायकल ढकलली. सायकल निवांत पुढे गेली. मागचा दाबला. तरीही गेली. तेवढ्यात बाकीचे तिघे वर आले. त्यांच्याही सायकली तपासल्या. चार सायकली, आठ ब्रेक, आणि एकही धरत नव्हता.

माझं मलकापुरात सायकलचं दुकान आहे. सुरुवात उंब्रजला हायवेच्या कडेला केली, एक पंप आणि पाण्याचं एक घमेलं घेऊन. त्यानंतर जे काही उभं केलं ते भाव करून आणि भांडून. तापट आहे म्हणतात. असेन.

ही रेस होती शिरवळ ते सांगली, पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. धावणारे सगळे हौशी. सांगलीजवळ कर्णबधिर मुलांची एक शाळा आहे, तिच्यासाठी श्रवणयंत्रांचा निधी गोळा करायचा होता. प्रत्येक टीमनं एकेक वर्ग वाटून घेतला होता. आमच्याकडे पहिलीचा वर्ग, अकरा पोरं. देणगीदारांची अट साधी होती. टीमचे चौघंही दुपारी चारच्या आत शाळेच्या दारात पोचले पाहिजेत. एक जरी मागं राहिला, तर त्या वर्गाची यंत्रं पुढच्या वर्षी.

टीमचे कॅप्टन दातांचे डॉक्टर. त्यांच्याबरोबर सैन्यातून निवृत्त होऊन ऊस बघणारे सुभेदार, बँकेतल्या कदम मॅडम आणि माणदेशातला बिरा. बिराचे वडील आयुष्यभर मेंढरांमागे हिंडले. बिरा आता जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. त्याची आई, आक्का, लेकाची रेस बघायला माझ्या टेम्पोत शेजारी बसून आली होती.

आता माझं दुखणं सांगतो. डॉक्टरांनी माझ्या दुकानात तीन आठवडे भाव केला आणि शेवटी त्यांच्या, सुभेदारांच्या आणि मॅडमच्या अशा तीन सायकली पुण्यातून आणल्या. बिराची तेवढी माझ्याकडची, जुनी, मी स्वतः उभी केलेली. बरं, तेही गिळलं. पण रेसचा बॅनर छापला, त्यावर पुण्याच्या दुकानाचं नाव वीतभर अक्षरात. त्या दुकानानं टीमला एक स्पोकसुद्धा दिला नव्हता. माझं नाव खाली कोपऱ्यात, आणि पुढे शब्द: 'पंक्चर सहाय्य'.

त्या रागात मी शिरवळला सायकलींना हात लावला नाही. चौघं तयारी करत होते तेव्हा मी पलीकडे चहा पीत बसलो. पंक्चर झालं की बोलवा, म्हटलं.

"किती वेळ लागेल?" माथ्यावर डॉक्टरांनी विचारलं.

"कशाला? पंक्चर कुठं झालंय?"

"अण्णा, ही काय वेळ आहे?"

"बॅनर छापला तवा वेळ व्हती न्हवं? तवा इचारायचं."

"ए गड्या," सुभेदार म्हणाले, "भांडान सांगलीत करा. तितं चांगली सावली हाय. आदी ब्रेक बघ."

मी वाकून बघितलं. सायकलवर डिस्क ब्रेक होते. चाकाच्या मधोमध बशीएवढी पातळ चकती असते, ती डिस्क. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी दोन छोटे पॅड तिला चिमटीत धरतात. चकती कोरडी असेल तर भरधाव सायकल थांबते. तेलाचा थेंब लागला तर पॅड तो पितात, आणि मग दाबा कितीही.

चकतीवर बोट फिरवलं. बोट पिवळं झालं. तेल, आणि त्यावर हळद.

बिरा माझ्या कानाशी आला. "आण्णा, आईनं चारी सायकलींना भंडारा लावला. मी बूट बांधत हुतो तवा. आमच्यात नवीन काय निघालं की देवाच्या दिव्याचं तेल लावत्यात आन् वर भंडारा. तिला ती चकती देवाच्या टाकावानी दिसली."

चांदीच्या पत्र्यावरचा देव म्हणजे टाक. चूक म्हणावी तर सायकलीवर तेवढंच चकचकीत होतं. चढाला ब्रेक कोणी दाबत नाही, त्यामुळे माथ्यापर्यंत कुणाला कळलं नाही.

माझं डोकं तापलं होतं. तोंड उघडणार, एवढ्यात बिरा म्हणाला, "आईला सांगू नका. जीवाला लावून घील. पाया पडतो."

आक्का टेम्पोच्या खिडकीतून डोकावत होत्या. "आवं, काय झालं? मशिनी का थांबल्या?"

"काय न्हाई आक्का," मी म्हटलं. "पुण्याच्या सायकली हायत. आपली हवा मानवना."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना ते खोडता येईना. त्या दिवशीचा माझा पहिला फायदा.

नियमाप्रमाणे सायकल टेम्पोत टाकता येत नव्हती. चालत नेली तर चालत होती. थोड्या अंतरावर एक हॉटेल होतं, तिथवर चौघं चालत आले. चकत्या धुवायला स्पिरिट लागतं. ते डॉक्टरांच्या औषधपेटीत निघालं. पॅड मात्र नवेच हवेत. माझ्या पेटीत पॅड होते, पण ते मी विकलेल्या सायकलींचे. बिराच्या सायकलीला चपखल बसले. पुण्याच्या तिन्ही सायकलींचे पॅड वेगळ्या आकाराचे. त्यांची एकही जोडी माझ्याकडे नव्हती.

"म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"म्हंजे माझ्याकडनं घेतली त्याची सायकल निगाली. बाकीच्यांची तळायला लागणार."

एकच उपाय उरला होता. तेल प्यालेले पॅड सॅंडपेपरवर घासायचे आणि गॅसवर धरायचे. आतलं तेल धूर होऊन निघतं. धूर थांबला की उतरवायचे. हा कायमचा इलाज नाही. जास्त तापले तर पॅड वायाच जातात. वेळ मारून नेण्यापुरतं मात्र जमतं.

हॉटेलवाला गॅस द्यायला तयार नव्हता. "माजं वडं हायत त्याच्यावर."

"किती घाणं राहिल्यात?"

"चार."

"चारी घाणं आमी घेतो. शेगडी मोकळी कर."

"आन् माजं गिऱ्हाईक काय खाईल? बारा पलेटी पोहं बी घ्या."

"चार."

"आठ."

"पाच. आन् तू बाजूला उभा राहून बघायचं. उद्या कुणाची सायकल आली तर तुला करता यील."

सौदा ठरला. टीमनं उभ्या उभ्या पोहे खाल्ले. मी पक्कडीत एकेक पॅड धरून शेगडीवर धरत होतो. बारा पॅड. धूर असा निघाला की हॉटेलात दोन माणसं खोकत बाहेर गेली. घासायचं काम सुभेदारांनी घेतलं, रायफल साफ करावी तसं. डॉक्टर स्पिरिटनं चकत्या पुसत होते. दातवाल्याचा हात, कोपरा न् कोपरा निघाला. तेवढं मान्य करायला पाहिजे.

बाकीच्या टीम खाली निघून गेल्या होत्या. पावणेनऊ वाजले.

सायकली जोडल्यावर मी आडवा उभा राहिलो. "माझी अट हाय. उतारावर मी टेम्पो फुडं घालणार. एकानं बी ओव्हरटेक करायचं न्हाई. दर वळणाला ब्रेक दाबून बघायचा, पॅड बसायला लागत्यात. आन् ज्याचा लागला न्हाई त्यानं उतरून चालायचं. हात जोडून सांगतो, अकरा पोरांसाठी हाडं मोडून घेऊ नका, त्यांचं काय भलं व्हायचं न्हाई."

"आणि बॅनर?" डॉक्टर म्हणाले.

"त्ये सांगलीत. सुभेदार म्हणल्यात, तितं सावली हाय."

घाट उतरला. पहिल्या दोन वळणांना ब्रेक कुरकुरले, मग धरू लागले. खाली सपाटीला आल्यावर मी आरशात चार डोकी मोजली, आणि मग श्वास सोडला.

पुढचं काम पायांचं. साताऱ्यापर्यंत सुभेदारांनी पुढे राहून वारा अंगावर घेतला, बाकीचे त्यांच्या पाठीला चिकटून. उंब्रजला माझ्या जुन्या शेजाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. मलकापुरात माझ्या बायकोनं केळी आणि सरबत धरलं, कुणी पाय टेकवला नाही. कराडच्या पुढे मॅडमच्या पोटरीत गोळा आला. बिरा खाली उतरला, गाय बघावी तशी पोटरी चोळली आणि म्हणाला, "मॅडम, आता उठा. शेवटचा चारा सांगलीत."

मॅडम हसत हसत सायकलवर बसल्या.

शाळेच्या दारात घड्याळ लावलं होतं. डॉक्टर, सुभेदार, बिरा आत गेले. मॅडम दिसत नव्हत्या. तीन वाजून चोपन्न मिनिटांनी त्या वळणावर दिसल्या, आणि छप्पन्नला दारात. फाटकाशी पहिलीची पोरं उभी होती. ती टाळ्या वाजवत नाहीत. दोन्ही हात वर करून बोटं हलवतात. अकरा पोरं, बावीस हात. मी आरशात बघायचं सोडून टेम्पोतून खाली उतरलो.

डॉक्टरांनी माईक घेतला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आमचे मेकॅनिक अण्णा नसते, तर आम्ही अजून खंबाटकीवर असतो." मला वाटलं, बरं बोलला. पण बॅनर मागं तसाच लटकत होता. माणसाचं डोकं अशा वेळी बॅनरवर का जातं, माहीत नाही.

आक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. पिशवीतून भंडारा काढला, चिमूटभर माझ्या कपाळाला लावला.

"दादा," त्या हळूच म्हणाल्या, "त्याल लय झालं का रं?"

मी बॅनरकडं बघू लागलो.

"मला काय शेंगदाण्याच्या त्यालाचा वास कळत न्हाई व्हय? हाटेलातनं धूर आला तवाच कळलं, ह्ये आपलं देवाचं त्याल. म्हटलं, लेक लपवतोय तर लपवू दे. तुजी 'हवा मानवना' बी ऐकून घितली."

आता दर रेसच्या आदल्या दिवशी सायकली माझ्या दुकानात येतात, पुण्याच्या धरून. मी स्वतः चकत्यांवर पिशव्या बांधतो. मग आक्का येतात आणि हँडलला तेल-भंडारा लावतात. नवीन बॅनरवर माझ्या नावापुढं 'तांत्रिक प्रमुख' आहे, आणि अक्षर पुण्याच्या दुकानापेक्षा बोटभर लहान आहे. ते मी टेप लावून मोजलंय.

शहाणपण म्हणाल तर एवढंच. राग आला तरी निघायच्या आधी ब्रेक दाबून बघावा. चहा नंतर प्यावा.