भागीरथीबाईंची रांगोळी

भागीरथीबाईंना चित्राला कागद लागत नसे. सांडलेल्या पाण्यात, पिठाच्या परातीत, धुळीच्या खिडकीवर त्यांचं बोट सारखं फिरत असे. ठाण्याच्या आमच्या बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात त्या इतिहास आणि चित्रकला शिकवीत. मध्येच पुस्तक मिटून म्हणत, "राजे लढले, खरं आहे. पण त्यांची नाळ कापणाऱ्या सुइणीचं नाव कुठं आहे, सांगा बघू."

बाई विधवा, केशवपन झालेल्या, तांबड्या आलवणातल्या. बक्षीस समारंभाला दारापुढची रांगोळी आपण काढणार म्हणाल्या, तेव्हा कमिटीचे नानासाहेब खवळले. शुभकार्याच्या रांगोळीला विधवेचा हात लागला तर कल्याणला दिराकडे पाठवणी, असं त्यांनी बजावलं. त्या घरात बाईंना पाटी-पेन्सिलसुद्धा हाती धरू देत नसत. बाईंनी ऐकून घेतलं आणि आदल्या संध्याकाळी अंगणात बसल्याच. सुईण, मिठागरात टोपली वाहणारी, जात्यावरची, पाटी घेऊन निघालेली, अंगणभर नुसत्या बायका.

सकाळी सड्याची पाळी माझी. शिळी रांगोळी दारात ठेवायची नाही, हे आईनं अंगी मुरवलेलं. अर्धवट झोपेत मी बाईंच्या रांगोळीसकट अंगण झाडलं, शेणसडा घातला आणि वळून पाहते तो पायरीवर बाई. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. मी रडायलाच लागले.

बाई पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "रडतेस काय, वेंधळे? रांगोळी पुसायचीच असते. जा, सगळ्यांना बोलाव. जिनं आपल्याला वाढवलं ती बाई एकेकीनं काढा."

सडा सुकेपर्यंत सगळ्या जमल्या. कुणी आजी काढली, कुणी आत्या, कुणी घरची मोलकरीण. मी आई काढली, केरसुणी घेतलेली. बाई जागच्या हलल्या नाहीत. "मान लांब झाली गं," एवढंच बसल्याबसल्या सांगत राहिल्या.

नानासाहेब आले आणि अंगण पाहून थबकले. "यात हात कुणाचा?" त्यांनी बाईंकडे बघत विचारलं. आम्ही सगळ्यांनी आपापले पांढरे हात पुढं केले. बाईंनीही केले. ते कोरडे, स्वच्छ होते. नानासाहेब रांगोळीला वळसा घालून आत गेले.

तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. बाई आमच्यातच राहिल्या. नानासाहेबांनी बजावल्यापासून आठ दिवस धड न जेवलेल्या त्या माउलीनं दुपारी माझ्याकडून तीनदा भात वाढून घेतला.