सुभेदारांची बुडणारी दोरी

माझ्या मामाला खोटं बोलायला कारण लागत नसे. एसटीत कुणी वेळ विचारली तरी हा गडी दहा मिनिटं इकडची तिकडे करून सांगायचा. त्यामुळे वडूजहून सांगलीकडं मुलगी बघायला निघालो आणि गाडीत तो म्हणाला, "तुझ्याबद्दल जरा चढवून सांगितलंय रं," तेव्हा मी फार मनावर घेतलं नाही. असेल विहीर एकाची दोन केलेली.

"मासं," मामा म्हणाला. "तू गळ टाकण्यात लय पटाईत हायस, असं सांगितलंय."

माझं डोकंच फिरलं. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. दुष्काळ नुकता सरला होता, आणि आमच्या येरळा नदीत पाण्यापेक्षा वाळूच जास्त. मासा मी पाहिला होता तो शाळेतल्या तक्त्यावर, त्याच्या कल्ल्यांना बाण काढून मुलांना शिकवताना.

"मग काय सांगू?" मामा उलट माझ्यावरच डाफरला. "पोरीचा बाप पलटणीतला सुभेदार. मासं धरायचं खूळ. दोन स्थळं त्यानं त्याच पायी परत लावली. तुलाच ती पोरगी पायजे ना? का नको?"

पाहिजे होती. फोटो आल्यापासून मी कामातून गेलो होतो. इतका, की हजेरी घेताना एकाच पोराचं नाव दोनदा पुकारायचो आणि वर त्यालाच रागवायचो. त्यामुळे मामाला चार शब्द ऐकवायचे सोडून मी खिडकीबाहेर बघत बसलो. आता जे होईल ते होईल.

सुभेदारांचं घर कृष्णाकाठी, उसाच्या फडाला लागून. माणूस उंच, मिशी पीळदार, बसणं ताठ. एरवी मुलीला विचारतात तसे प्रश्न इथं मलाच सुरू झाले. पोहे यायच्या आधीच त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्यापुढं उघडला. आत दोऱ्यांची तीन वेटोळी. पलटणीतल्या त्यांच्या साहेबाला काश्मीरच्या ओढ्यात मासे धरायचा नाद होता, आणि निरोप घेताना त्यानं आपली काठी आणि या दोऱ्या सुभेदारांना दिल्या होत्या.

"ह्यात शिसं न्हाई, गांडूळ न्हाई," सुभेदार म्हणाले. "गळाला पिसं बांधून खोटी माशी केलेली. फुंकर मारली तर उडंल. मग ती लांब जानार कशी? तर दोरीच्या वजनानं. काठीनं दोरी फेकायची, माशी तिच्या मागनं जाती. ही पांढरी पान्यावर तरंगती. ही हिरवी हळूहळू बुडती. आन ही काळपट, ही सरळ तळाला. आता मास्तर, सांगा. पावसाळा सरलाय, नदी भरलीया, मासा डोहात तळाला बसलाय. कुठली दोरी घ्याल?"

एवढं तर मलाही कळत होतं. "तळाला जायचं तर काळी," मी म्हणालो.

"वा!" सुभेदारांनी मांडीवर थाप मारली. मामानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मला त्यानंच शिकवून आणलं होतं.

पण सुभेदारांचा चेहरा लगेच उतरला. त्यांनी पाण्यानं भरलेलं घंगाळ मागवलं आणि काळी दोरी त्यात सोडली. दोरी पाण्यावर मजेत पसरून राहिली.

"बघा," ते आवाज खाली आणून म्हणाले. "पेन्शनीत आल्यापास्नं दर रविवारी नदीवर जातोय. ही बुडनारी दोरी बुडतच न्हाई. आजवर येक मासा लागला न्हाई मला. साहेबानं चुकीची दिली म्हनावं, तर साहेब चुकायचा न्हाई. मग मीच चुकतोय का? गावात कुनाला इचारायची सोय न्हाई, हसतील. तुमी जानकार. सांगा, का बुडंना ही?"

आता आली का पंचाईत! मी दोरीकडं बघतोय, मामा आढ्याकडं बघतोय. तेवढ्यात मुलगी पोहे घेऊन आली. मान खाली. बशी माझ्या हातात देताना ओठ न हलवता पुटपुटली, "रिठ्यानं धुवा म्हनावं. माझं ऐकत न्हाईत."

मी दोरी उचलून नाकाशी नेली. तेल! खोबरेल नव्हे, शिवणयंत्राला घालतात तसलं. बोटं माखली.

"सुभेदार, हिला तेल लावता का?"

"लावतो म्हंजे?" ते दुखावलेच. "दर शनवारी, फडक्यानं, ह्या टोकापास्नं त्या टोकापर्यंत. हत्यार हाय ते! हत्याराला तेल लावायचं न्हाई?"

सव्वीस वर्षं बंदूक पुसलेला माणूस. त्याच्या हाती आलेली वस्तू बिनतेलाची राहीलच कशी? मी म्हणालो, तेलानंच ती तरंगते, रिठ्यानं धुवायला हवी. कुरकुरत का होईना त्यांनी रिठे आणवले. दोघांनी मिळून दोरी चोळचोळून धुतली आणि घंगाळात पुन्हा सोडली. ती गपकन तळाला गेली. सुभेदारांनी घंगाळात हात घालून ती तळाला टेकल्याची खात्री केली. मग एकदम उठले. "चला नदीवर!" पोहे तसेच राहिले. चांगले होते, दाणे घातलेले.

घाटाच्या खालच्या अंगाला डोह होता. सुभेदारांनी काठी मागं नेली, पुढं झोकली. दोरी हवेत लांबच लांब पसरली आणि पाण्यात उतरली. "बुडली!" ते ओरडले. घाटावर धुणं धुणाऱ्या बाया हात थांबवून बघायला लागल्या. सुभेदारांनी काठी माझ्या हातात दिली. "घ्या मास्तर, पयला मान तुमचा."

मी दोरी हळूहळू ओढायला लागलो आणि काठी वाकली. चांगलीच वाकली.

"लागला!" सुभेदार नाचायचेच बाकी होते. "सोडू नगा! शिवडा असंल, दहा किलोच्या खाली न्हाई!"

मी ओढतोय, काठी करकरतेय, मासा हलत नाही, पळत नाही, काही नाही. बाया धुणं सोडून आल्या. फडातले गडी आले. मामा सगळ्यांना सांगतोय, "भाचा हाय माझा." आणि एवढ्यात वरच्या बांधावरून एक माणूस कोयता घेऊन पळत आला. हा सुभेदारांचा चुलतभाऊ. बांधाच्या भांडणापायी दोघांत बोलणं बंद.

"आरं ए, माझ्या पंपाचा फुटवाल कशाला उपटताय?"

झालं! इंजिनाच्या पाइपाचं टोक नदीच्या तळाशी, त्याला जाळीचा फुटवाल, म्हणजे पाणी ओढणारी झडप, आणि आमचा शिवडा म्हणजे ती जाळी. दोरी इतकी वर्षं तरंगत होती म्हणून तिची कशाशी गाठच पडली नव्हती. आज बुडली ती थेट भावबंदाच्या फुटवालात!

"माझी पान्याची पाळी चाललीया," चुलतभाऊ म्हणाला. "कापा ती दोरी, न्हाईतर मी कापतो." त्यानं कोयता उचलला.

सुभेदार पुढं सरले. एवढा आडदांड माणूस, पण लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा दोरीवर हात ठेवून उभा राहिला. मला ते बघवेना. मासे मला येत नव्हते, पण विहीर येत होती. आमच्याकडं विहिरी खोल, पोहरे सारखे पडायचे आणि ते काढायला मलाच बोलवायचे. "इंजिन बंद करा," म्हणालो, काठी सुभेदारांकडं दिली, सदरा मामाच्या अंगावर फेकला आणि उडी मारली.

विहिरीचं पाणी एका जागी असतं, नदीचं नसतं, हे पाण्यात गेल्यावर कळलं. पाइप धरून खाली गेलो. दोरीचे जाळीला वेढे बसलेले, गळ जाळीत रुतलेला. तोडली असती तर क्षणात सुटली असती. पण तोडायची नव्हती, म्हणून एकेक वेढा सोडवत बसलो. छाती फुटायची वेळ आली तेव्हा गळ निघाला.

वर डोकं काढलं आणि पहिला ऐकू आला तो बाईमाणसाचा आवाज.

"आबा, टाका ती काठी! तिकडं मानूस बुडलाय आन तुमी दोरी कसली संभाळताय? ती दोरी घाला चुलीत! आदी त्येनला बघा!"

तीच होती, गलका ऐकून घरातून आलेली. पार खालच्या पायरीवर, गुडघाभर पाण्यात, लुगडं भिजलेलं, चेहरा लालबुंद. बापाच्या हातातली काठी हिसकावत होती. सुभेदार गयावया करत होते, "वडत न्हाई गं, सैल सोडलीया!" मग मी दिसलो आणि त्यांच्या तोंडून निघालं, "मास्तर, तुटली न्हाई न्हवं?"

"आबा!" ती अशी कडाडली की चुलतभाऊसुद्धा दोन पायऱ्या मागं सरला. मग तिला भोवतालची माणसं दिसली. तोंडाला पदर लावून ती पायऱ्या चढून पळत सुटली.

मी घाटावर येऊन धापा टाकत बसलो. आता काय लपवायचं? म्हणालो, "सुभेदार, मी जन्मात मासा धरलेला नाही. मामा काहीतरी बोलला."

मामा सदऱ्याच्या घड्या घालण्यात फार गुंतला होता.

सुभेदार दोरी गुंडाळत होते. "मासं काय, कुनालाबी धरता येतील," ते म्हणाले. "माझी पोर जन्मात माझ्यावर चढून बोलली न्हाई. आज बोलली. साऱ्या गावानं ऐकलं. आता सुपारी फोडायची न्हाई तर काय करायचं?"

माझा कानांवर विश्वास बसेना. एवढा आनंद झाला की थंडीनं दात वाजत होते तेही कळलं नाही. सुभेदार मात्र माझ्याशेजारी पायरीवर मटकन बसले. मामाला वाटलं, यांना दोरीचीच काळजी. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "आवं सुभेदार, दोरी तर वाचली की."

"दोरीचं काय घिऊन बसलाय," सुभेदार म्हणाले. "सकाळपतूर माझी हुती ती पोर."

आणि खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी माझ्या अंगावर टाकला.