डाव्या अंगाची भेग

पाच वर्सं मी आमच्या कापसाच्या जिनाच्या फुटबॉल टीमचा बॅक होतो, अन् त्या पाच वर्सांत माझ्या डाव्या अंगानं एकही माणूस बॉल घेऊन गोलाकडे गेला नाई. जाईन कसा, तिथं जमिनीले भेग होती.

आमच्या आंजी गावची जमीन काळी. पावसाळ्यात पाय सोडत नाई अन् उन्हाळ्यात फाटते. कापसाचा हंगाम सरला की जिनामागच्या मोकळ्या मैदानात सामने होत, म्हणजे नेमके भेगांच्या दिवसांत. ती भेग गोलापासून वीसेक पावलांवर. मी तिच्या आतल्या बाजूले उभा राहो. माहितीतले गडी तिले टाळून दुसऱ्या अंगानं जात, नवे अडखळत, अन् लोक म्हणत, काय बॅक आहे! दुसऱ्या हाफात बाजू बदलली की माझ्या पोटात कळ ये अन् मी बाहेर जाऊन बसो. मग गोल झाले तर माझ्या जागी जो उभा राहीन त्याच्या नावावर.

पुढं पोट खरंच वाढलं. जिनाचा मुकादम म्हणाला, "तुह्याच्यानं आता धावणं होत नाई. म्यानेजर हो."

"पहिले तरी कुठं धावत होतो?" मी म्हटलं. सगळे हासले. मी खरं बोललो की लोक हासतच.

तवा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता. तिकडे नागपुरात मंत्री होत, इकडे मी म्यानेजर झालो. काम काय, तर बॉलाच्या ब्लाडरात हवा भरायची, लिंबं कापायची, अन् सामन्याच्या आदल्या दिवशी मैदानातल्या भेगा मुरमानं बुजवायच्या.

माझ्या जागी एक हमाल आला. रुईचे बोरे पाठीवर घेऊन फळीवरून चढणारा गडी. घरात बायको, दोन लेकरं, म्हातारी माय, अन् सगळ्यांचं पोट त्याच्या दोन पायांवर. मले म्हणे, "भाऊ, डावं अंग तुमी कसं राखलं? मले शिकवा ना."

मी त्याले माझ्या जागेवर उभं केलं. "इथंच राहायचं. याच्या समोर पाय टाकायचा नाई."

"काऊन?"

"उस्ताद सांगते म्हणून."

कारण सांगितलं असतं तर माझ्या पाच वर्सांतली हवाच निघाली असती. तो बिचारा मान हालवून तिथं उभा राह्यला.

त्या साली ऊन लय होतं. भेग रोज रुंदावे. हातभर काडी घातली, अख्खी गेली. गोटा टाकला, कान लावून बसलो, आवाजच आला नाई. एका सकाळी मुकादमाच्या बकरीचा पाय त्यात अडकला होता. ती ओरडत नव्हती, नुसती पाहून राह्यली होती. पाय काढून दिला तर काठावर सापाची कात.

बाकीच्या भेगा मी मुरमानं बुजवल्या. तिच्यावर मात्र कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या आडव्या टाकल्या, वर कुटाराचा भुसा, वर माती. मले म्यानेजर होऊनही डावं अंग राखल्याचं नाव पायजे होतं. पायानं माती दाबली तर खाली काहीतरी घसरलं, कोणी घोट गिळावा तसं. मी घरी आलो. जेवण जाईना. चार भाकरी कशाबशा खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी समुद्रपूरची टीम मोटारीतून उतरली. वारा बंद. वर घारी फिरून राह्यल्या होत्या, अन् एवढे लोक जमले तरी मैदान गप्प वाटे. पहिल्याच हाफात त्यांच्या लंब्या फारवर्डनं बॉल लांब मारला. बॉल कुटारावरून उडी घेऊन बाहेर जायले लागला, गोलाकडे नाई, बाजूले. मी असतो तर जाऊ दिला असता. उभ्या जन्मात मी बॉलामागं धावलो नाई. पण आमचा हमाल खरा बॅक होता. तो धावला.

मी तोंड उघडलं. 'भेग' असं ओरडायचं होतं. ओरडलो असतो तर भेग मीच झाकली हे साऱ्या गावाले समजलं असतं. तेवढ्यात एक लिंबू चोखून झालं असतं, इतका वेळ मी घेतला. मग ओरडलो, "सोड! बॉल सोड!"

म्यानेजरच बॉल सोड म्हणते म्हणून लोक हासले. तोही धावता धावता हासला.

वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. पऱ्हाट्या तर मी घातल्याच होत्या, पण हा आवाज त्यांचा नव्हता.

बैलगाडीत टाकून त्याले वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. हाड जुळलं, पण पाय आखूड झाला. फळीवर चढणं संपलं. मुकादमानं दुसरा हमाल घेतला.

मी रोज त्याच्या घरी जाऊन बसो. बकरीच्या नकला करो, मुकादमाच्या करो. लेकरं हासत. तो भिंतीकडे पाहे. महिन्यानं एकदा नक्कल करता करताच माझ्या तोंडातून सगळं निघालं. भेग, कुटार, सगळं. या खेपेले कोणी हासलं नाई. तो म्हणाला, "तुमी उशिरा ओरडले, ते मी ऐकलं होतं," अन् तोंड फिरवलं.

मी रडायले लागलो. त्याची बायको चुलीपासून उठली. तिनं पाणी भरायचे दोन रिकामे गुंड माझ्यासमोर ठेवले.

"रडणं झालं असन तर उठा, भाऊ. विहिरीवरून पाणी आणा. अन् उद्यापासून बसायले येजा नोका, कामाले येजा."