डिफेन्स कॉलनी नावाचा मळा

लोक दिल्ली पाहायला जातात. मी एक घर पाहायला गेलो होतो. अण्णाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या मुलीला, वैशालीला, बोरी बुद्रुकचं स्थळ आलं होतं. मुलगा दत्तात्रय आयटीआय करून दिल्लीत बंगल्यांमधले एसी दुरुस्त करायच्या कामाला होता. बैठकीत त्याचे चुलते म्हणाले, "पोरगं डिफेन्स कॉलनीत ऱ्हातं. कर्नल-ब्रिगेडियरच्या शेजारी." बैठक सावरून बसली. आमच्या पिंपळवंडीत सैन्यातून आलेले एक सुभेदार आहेत, त्यांच्याच शेजारी राहायला लोक मागेपुढे पाहतात.

मुलगी द्यायची तर आधी घर बघायचं, आणि बघायचं तर न कळवता, ही आमच्याकडची रीत. कळवून गेलं की शेजाऱ्याची म्हैससुद्धा पाहुण्याच्या गोठ्यात बांधलेली सापडते. शिवाय मंचरचं एक स्थळ हातात होतं. कांदा-बटाट्याची आडत, हायवेला लागून तीन मजली घर. अण्णाचा ओढा तिकडे होता. मला त्याने बजावलं, पत्ता खोटा निघाला तर मंचर पक्कं.

वैशालीला कुणी काही विचारलं नव्हतं. मी पिशवी भरत असताना ती आपणहून म्हणाली, "काका, पाणी कोण भरतं तेवढं बघून या."

तिचं म्हणणं मला कळत होतं. आम्ही सांगायला पिंपळवंडीचे, पण राहतो मळ्यात (गावाबाहेर शेतातली वस्ती). नळ गावात आहे. आम्हाला विहीर आहे, आणि विहिरीपासून घरापर्यंत चढ आहे. तो चढ वैशाली शाळेत जायच्या वयापासून हंडा घेऊन चढत आली होती. मंचरच्या घरात सात माणसं होती आणि सून एकही नव्हती.

त्या वर्षी कांदा दिल्लीत फार महाग झाला होता. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मी बराखीतला (कांदा साठवायची जागा) निवडक कांदा पोत्यात भरून घेतला. मंचरला एसटी ट्रकांच्या मागे इतका वेळ अडकली की त्या तीन मजली घराच्या प्रत्येक मजल्याचा रंग मला पाठ झाला. ओट्यावर एक बाई धूळ झाडत होती. ती झाडून आत जायची, ट्रक जायचा, ती पुन्हा बाहेर यायची. एसटी हलली तेव्हाही तिचं काम चालूच होतं.

पुण्याहून रेल्वेत बसलो. डब्यातले लोक माझ्या पोत्याकडे दागिन्यांच्या डब्याकडे बघावं तसे बघत होते. समोरच्या गृहस्थांनी जेवताना एक कांदा मागितला. मी दिला, तर त्यांनी मला आपली खिडकीची जागा दिली. मध्य प्रदेश मी त्या एका कांद्यावर पाहिला. जमीन चांगली आहे, पण बांध वाकडे घालतात.

निजामुद्दीन स्टेशनवरून रिक्षाने डिफेन्स कॉलनी फार लांब नाही. रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना कडुनिंब, आणि माणूस दिसेल तर शपथ. बंगल्यांपुढे हिरवळ होती आणि एक माळी तिला रबरी नळीने पाणी देत होता. पाणी वाहून रस्त्यावर येत होतं. मी थोडा वेळ थांबून पाहिलं. इतकं पाणी आमच्याकडे ज्याच्या वावरात (शेतात) जातं त्याला निदान टोमॅटो तरी मिळतो. इथे गवत यायचं आणि तेही कापून टाकायचे. पण ‘बागायत आहे’ अशी मी मनात नोंद केली. मुलगी द्यायला हरकत दिसत नव्हती.

पत्त्यावरच्या बंगल्याला फाटक होतं, फाटकाला चौकीदार होता. माझी हिंदी रविवार सकाळच्या पौराणिक मालिका बघून तयार झालेली. मी म्हणालो, "मैं दत्तात्रय से भेंट करने पधारा हूँ." चौकीदार उठून उभा राहिला. त्याने हात जोडले, मीही जोडले.

तेवढ्यात वरच्या सज्जात एक बाई आल्या. त्यांनी माझं धोतर पाहिलं, पोतं पाहिलं आणि विचारलं, "भैया, प्याज़ कैसे दिया?"

मी सांगितलं, विकायचा नाही. त्या म्हणाल्या, ठीक आहे, थोडं जास्त घे. मी म्हणालो, हा पाहुण्यांसाठी आहे. बाईंना वाटलं मी भाव वाढवतोय. माझ्या बोलण्यात जितकी नम्रता येत गेली तितका त्यांचा राग वाढत गेला, आणि शेवटी ‘सगळे कांदेवाले असलेच’ असं काहीतरी बोलून त्या आत गेल्या. कॉलनीतल्या वरच्या मजल्याशी माझा आलेला संबंध एवढाच.

चौकीदाराने मग खुलासा केला. दत्ता मरहट्टा इथे राहत नाही. खाली त्याच्या मालकाचं ऑफिस आहे, तो राहतो कोटल्यात. "वो सामने," म्हणून त्याने हात केला. मी त्याला दोन कांदे दिले आणि निघालो. मला वाईट वाटलं. रस्ता ओलांडताना मी मनातल्या मनात मंचरच्या त्या ओट्यावर वैशालीच्या हातात झाडू देऊनही टाकला होता.

कॉलनी आणि कोटला यांच्यामध्ये फक्त एक रस्ता आहे. पण पलीकडे गेलो आणि आकाश अरुंद झालं. घरावर घर, वर तारांचं जाळं, गल्ली अशी की समोरून सायकल आली तर कुणीतरी एकाने उंबऱ्यावर चढायचं. एका कोपऱ्यावर जुनी घुमटी होती आणि तिच्या भिंतीवर गोवऱ्या थापलेल्या होत्या. पुढच्या वळणावर म्हैस बांधलेली. दिल्लीत आल्यापासून माझ्या ओळखीचं असं पहिलंच कुणी भेटलं. मी तिच्या पाठीवर हात फिरवला. म्हैस चांगली होती, पण तिला चारा वेळेवर मिळत नसावा.

म्हशीमागे खाटेवर हुक्का ओढत बसलेले म्हातारे दत्ताचे घरमालक निघाले. त्यांना सगळे चौधरी म्हणत. त्यांनी मला बसवलं आणि नाव विचारायच्या आधी जमीन किती ते विचारलं. मला एकदम घरी आल्यासारखं झालं. मग समोरच्या रस्त्याकडे हुक्क्याची नळी करून ते म्हणाले, "वो कालोनी हमारे खेत थे. हम वहाँ बाजरा बोते थे." पुढे सांगितलं ते असं, की सरकारने जमीन घेतली, तिच्यावर बंगले उभे राहिले, आणि त्यांचं गाव, हे कोटला, जिथल्या तिथे राहिलं. मी म्हणालो, आमच्याकडे धरण असंच करतं. ते म्हणाले, धरणात निदान मासे असतात.

संध्याकाळी गल्लीत एकदम बादल्यांचा आवाज झाला. पाणी आलं होतं. आठ-दहा घरांत मिळून एक नळ, आणि त्याच्यापुढे बायकांची रांग. तेवढ्यात दत्ता सायकलवरून आला. आमच्याकडे बघण्याच्या कार्यक्रमात मी त्याला इस्त्रीच्या शर्टात पाहिलं होतं. आता अंगावर ग्रीसचे डाग होते. त्याने हत्यारांची पिशवी पायरीवर टाकली, आतून घागर आणि बादली आणली आणि बायकांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. बायकांनी त्याची थट्टा केली. त्याला त्याची सवय दिसली. घागर लावायच्या आधी त्याने खिशातून फडकं काढलं, दुहेरी घडी घालून घागरीच्या तोंडाला बांधलं आणि मग तोटीखाली धरली.

मागे वळला तेव्हा मी समोर होतो. बादली हिंदकळून अर्धी त्याच्याच पायावर गेली.

"काका, तुमी? कळवायचं तरी."

"कळवलं असतं तर नळ दिसला नसता," मी म्हणालो.

त्याची खोली गच्चीवर होती, जिला दिल्लीत बरसाती म्हणतात. एक खाट, एक स्टो, बोरीच्या घरून आलेल्या मिरच्यांची बरणी. त्याने डाळ शिजवली, कोपऱ्यावरच्या तंदुरातून रोट्या आणल्या आणि माझाच कांदा फोडून मला वाढला. चौधरींना मी आधीच अर्धं पोतं दिलं होतं, त्यामुळे खालून ताक आलं. जेवण झाल्यावर मी मुद्द्यावर आलो. पत्त्याची भानगड काय?

तो खाली बघत म्हणाला, "टपाल हापिसात येतं म्हणून मी त्यो पत्ता दिला व्हता. चुलत्यानं त्याचं घर केलं. मी खोटं बोललो न्हाई काका." मग त्याने विचारलं, "तुमी तरी पिंपळवंडीत कुठं ऱ्हाता?"

पिंपळवंडीच्या वेशीपासून आमचा मळा, कोटल्यापासून कॉलनी आहे त्याच्या कितीतरी पट लांब. आमच्या लग्नपत्रिकांवर मात्र पिढ्यान् पिढ्या ‘पिंपळवंडी’ असं ठळक छापलेलं असतं.

तो मला लाल किल्ला दाखवतो म्हणाला. मी म्हणालो, माझं बघून झालं. परतीच्या गाडीत माझ्याजवळ रिकामं पोतं होतं आणि मला कुणीही खिडकी दिली नाही.

अण्णा ओट्यावरच बसलेला होता. मी पाय धुतो न धुतो तोच त्याने विचारलं, "ऱ्हातो का डिफेन्स कॉलनीत?"

"नाही."

"मग मंचर."

"ऐकून तर घे," मी म्हणालो. "तो गावात राहतो. चांगलं जुनं गाव आहे, वेशीवर म्हैस आहे. डिफेन्स कॉलनी हा त्या गावाचा मळा. कर्नल-ब्रिगेडियर मळ्यात राहतात."

मळ्यात राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. अण्णा म्हणाला, "म्हंजी आपली पोर मळ्यातून गावात चालली."

वैशाली दारात तांब्या घेऊन उभी होती. नुकतीच विहिरीवरून आली असावी, हंड्याखालची चुंबळ अजून हातातच होती. तिने मला पाणी दिलं आणि तिथेच उभी राहिली. दिल्लीच्या सगळ्या प्रवासात मी घाबरलो नाही तेवढा त्या क्षणी घाबरलो, कारण अण्णाला हवं ते मी सांगितलं होतं आणि हिचं उत्तर अजून माझ्याकडेच होतं.

"तोच भरतो," मी म्हणालो. "बायकांच्या रांगेत उभा राहून."

"फडकं लावतो का?"

"दुहेरी."

तिने चुंबळ खुंटीला अडकवली. "मग अण्णांना सांगा," ती म्हणाली, "मला चालंल."

मी तांब्या तोंडाला लावला. अजूनही गावात कुणी विचारतं, दिल्लीत काय पाहिलंस? मी सांगतो, एक नळ पाहिला. लोकांना ती थट्टा वाटते, आणि मीही त्यांना दुरुस्त करत नाही.