म्हशीची भुवई

शिरूरपासून दौंडपर्यंत दुकानांवरचे कोंबडे, बोकड, पैलवान सगळे एकाच पेंटरमामांनी रंगवलेले. माझ्या दूध डेअरीच्या भिंतीवर म्हैस काढायला आले, तेव्हा मी म्हणालो, "मामा, गॉगल घाला तिला. एकदम हिरोईन दिसंल."

"मंग ती तुमच्याकडं बघंल कशी?"

त्यांनी तिची एक भुवई तेवढी वर चढवली आणि सही न करताच समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. "चित्राशी कुणी बोलल्याबिगर मी सही करत न्हाई."

दोन दिवस गिऱ्हाईकं नुसती हसून गेली. मामा चहा पीत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी दुधाचा टेम्पो आलाच नाही. गिऱ्हाईकं खोळंबली.

"माझ्याकडं काय बघतीस गं? टेम्पोवाल्याला विचार!" मी म्हशीवर खेकसलो.

मागं वळलो, तर मामा ब्रश घेऊन उभे.